दीड मीटरचा हिशेब: सायकलस्वारांनी मोजलेले ओव्हरटेक आणि त्यावरून सुधारायचा रस्ता

बर्लिनच्या 'टागेसश्पीगेल' या दैनिकाने २०१८ मध्ये शंभर सायकलस्वारांना एकेक मोजयंत्र दिलं. सीटखाली बसणारा छोटा डबा, आत अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा. मागून आलेली गाडी बाजूने पुढे निघताना सायकलपासून किती सेंटिमीटरवरून गेली, एवढंच तो टिपायचा. उपक्रमाचं नाव 'राडमेसर'. साधारण दोन महिन्यांच्या जाण्यायेण्यातून १३,३०० किलोमीटरहून जास्त प्रवासाची नोंद झाली आणि सुमारे १६,७०० ओव्हरटेक हाती आले. त्यातले ५६ टक्के दीड मीटरच्या आत होते आणि १८ टक्के एका मीटरच्याही आत.

आकडे गाजले ते 'निम्म्याहून जास्त चालक नियम मोडतात' अशा अर्थाने. तो अर्थ चूक नाही, पण त्यावरून रस्त्यात बदल काय करायचा ते कळत नाही. नगरपालिकेच्या अभियंत्याला चालकाची वृत्ती बदलता येत नाही. पट्टा पुसता येतो, पार्किंग हलवता येतं, फलक लावता येतो. म्हणून या मोजणीकडे चालकांविरुद्धचा पुरावा म्हणून न पाहता रस्त्याच्या आडव्या मापाची तपासणी म्हणून पाहिलं, तरच ती कामाला येते. बर्लिनची मोजणी, त्यानंतर श्टुटगार्टमध्ये आकाराला आलेलं खुलं यंत्र आणि जर्मनीतला वाहतूक कायदा, हे तिन्ही मिळून असं काम कसं करायचं याचा चांगला नमुना देतात.

दीड मीटर आला कुठून

राडमेसर सुरू झालं तेव्हा जर्मन वाहतूक नियमावलीत आकडा नव्हता. 'पुरेसं बाजूचं अंतर' ठेवा, एवढंच लिहिलेलं होतं. दीड मीटर ही न्यायालयांच्या निकालांतून रुळलेली रीत होती. २८ एप्रिल २०२० पासून नियमावलीच्या पाचव्या कलमात आकडा आला: वस्तीत किमान दीड मीटर, वस्तीबाहेर दोन मीटर. हा बदल बर्लिनच्या मोजणीमुळे झाला असं म्हणणं उतावळेपणाचं ठरेल. पण नियमात आकडा आल्यावर मोजणीला वजन आलं, हे नक्की. आकडा नसेल तर ९५ सेंटिमीटर ही नुसती तक्रार असते. आकडा असला की ते उल्लंघन ठरतं.

त्याच कलमात एक अपवाद आहे आणि मोजणाऱ्यांनी तो नेहमी लक्षात ठेवायला हवा. जर्मनीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते; चौकात थांबलेल्या गाड्यांच्या उजवीकडून सायकलस्वार पुढे येऊन उभा राहिला असेल, तर तिथे दीड मीटरचा नियम लागू होत नाही. सिग्नलजवळ गोळा झालेले साठ-सत्तर सेंटिमीटरचे आकडे वेगळे काढले नाहीत, तर समोरचा अधिकारी पहिल्या पाच मिनिटांत अख्खी फाइल बाजूला सारतो.

आता रस्त्याची बेरीज करू. फुटपाथच्या कडेपासून हँडलच्या उजव्या टोकापर्यंत ७० सेंटिमीटर, हँडल ६० सेंटिमीटर, मध्ये दीड मीटर, पुढे आरशांसह साधारण दोन मीटरची मोटार. एकूण ४.८ मीटर. सव्वातीन मीटरच्या मार्गिकेत हे बसत नाही. म्हणजे पलीकडच्या मार्गिकेत शिरल्याशिवाय कायदेशीर ओव्हरटेक होऊच शकत नाही. समोरून वाहन येत असेल तर मागे थांबायचं, हा एकच पर्याय उरतो. कडेला गाड्या लावलेल्या असतील तर उघडणाऱ्या दारापासून जपायला सायकलस्वाराला मीटरभर सरकावं लागतं आणि बेरीज लावलेल्या गाडीच्या बाजूपासून ५.१ मीटरवर जाते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे तुटक रेषेने आखलेला सायकलपट्टा. जर्मनीच्या सायकल-रचनेच्या मार्गदर्शिकेत त्याची नेहमीची रुंदी १.५ मीटर आणि किमान १.२५ मीटर आहे. दोन्ही पट्ट्यांच्या मधली मोटारींची जागा किमान ४.५ मीटर. दीड मीटरच्या पट्ट्याच्या मधोमध चालणाऱ्या सायकलचं डावं टोक कडेपासून १.०५ मीटरवर येतं. चालक रेषेपासून दहा सेंटिमीटर राखून, अगदी सभ्यपणे निघाला, तर मधलं अंतर भरतं ५५ सेंटिमीटर. दीड मीटर ठेवायचं तर त्याला रेषेपासून एक मीटर पाच सेंटिमीटर दूर जायला हवं. पण रेषा त्याला सांगत असते की इथपर्यंत जागा तुझीच. शिवाय ४.५ मीटरमध्ये समोरासमोरच्या दोन मोटारींनी चार मीटर खाल्ले की सरकायला जागाच उरत नाही.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत नेमकं हेच दिसलं. साठ सायकलस्वार, १८,५२७ ओव्हरटेक. दर सतरांमागे एक ओव्हरटेक मीटरभराच्या आत. रंगवलेला सायकलपट्टा आहे पण कडेला गाड्या लावलेल्या नाहीत, अशा रस्त्यावर सरासरी अंतर पट्टा नसलेल्या रस्त्यापेक्षा २७ सेंटिमीटरने कमी निघालं. पट्टा आणि लावलेल्या गाड्या दोन्ही असतील तर ४० सेंटिमीटरने कमी. नुसता रंग मारून सायकलस्वार सुरक्षित होत नाही, ही ओरड जुनीच होती. तिला मापाचा आधार मिळाला.

डब्यात काय असतं

राडमेसरच्या पाठोपाठ श्टुटगार्टमधल्या हौशी मंडळींनी 'ओपनबाइकसेन्सर' घडवला. आराखडे, सॉफ्टवेअर, डब्याची छपाई-फाइल सगळं खुलं. आज जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत सायकलसंघटनांचे गट तो स्वतः जोडून वापरतात.

जुन्या, घरी जोडायच्या आवृत्तीत ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी छोटी संगणक-चिप), डावीकडे आणि उजवीकडे एकेक जेएसएन-एसआर०४टी जातीचा पाण्याला दाद न देणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, जीपीएस मॉड्यूल, मेमरी कार्ड, १८६५० मापाचा लिथियम सेल आणि हँडलवर एक बटण एवढाच ऐवज असतो. नंतरच्या 'प्रो' आवृत्तीत पीजीए४६० ही सेन्सर-चिप आली. डबा थ्रीडी प्रिंटरवर छापून सीटच्या दांड्याला पकडतात.

मोजण्याचं तत्त्व सोपं आहे. आवाज २० अंश तापमानाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दीड मीटरवरच्या गाडीला आपटून परत यायला त्याला ८.७ मिलिसेकंद लागतात. साडेचार मीटर लांबीची मोटार सायकलपेक्षा ताशी २० किलोमीटर जास्त वेगाने पुढे गेली, तर तिची बाजू सेन्सरसमोर सुमारे ०.८ सेकंद असते. सेकंदाला वीस मापं घेतली तर एका मोटारीची सोळा मापं मिळतात. त्यातलं सर्वांत लहान ते ओव्हरटेकचं अंतर. गाडी गेल्यावर सायकलस्वार बटण दाबतो आणि यंत्र गेल्या काही सेकंदांतलं हे किमान अंतर 'खात्रीचं' म्हणून नोंदवतं.

बटण का लागतं? कारण सेन्सरला मोटार, खांब, समोरून आलेली बस, कुंपण सगळं सारखंच. हे ओव्हरटेक होतं की नाही, ते माणसानेच सांगायचं.

सेन्सर सीटखाली असतो, पण कायद्याला हवं असतं हँडलच्या टोकापासूनचं अंतर. त्यामुळे सेन्सरच्या तोंडापासून हँडलच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर यंत्रात भरून वजा करावं लागतं. टेपने मोजलं की चार-पाच सेंटिमीटरची चूक ठरलेली. त्यापेक्षा सायकल भिंतीला समांतर उभी करायची, हँडलचं टोक भिंतीला टेकवायचं आणि सेन्सर जो आकडा दाखवेल तोच वजावट म्हणून भरायचा. ६० सेंटिमीटरच्या हँडलला तो तिशीच्या आसपास येतो. मग जमिनीवर खडूने १, १.५ आणि २ मीटरच्या रेषा मारून तपासून घ्यायचं. सायकल साइड स्टँडवर ठेवून हे करू नये. ती कलते आणि सेन्सर जमिनीकडे किंवा आभाळाकडे पाहू लागतो. कुणीतरी सरळ धरून ठेवावी. या स्वस्त सेन्सरला २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही. त्यामुळे अगदी अरुंद हँडलच्या सायकलवर भिंतीची ही युक्ती फसू शकते; तेव्हा भिंतीपासून ठरावीक अंतर ठेवून मोजावं.

आकडे कुठे बिघडतात

कॅरिअरच्या पिशव्या, लोंबणारं जॅकेट, मागे बसवलेली मुलाची सीट, यांपैकी काहीही सेन्सरच्या झोतात आलं की यंत्र सतत एकच आकडा दाखवतं. फाइल उघडल्यावर ३४, ३४, ३५, ३४ अशी रांग दिसली तर तो रस्ता नव्हे, पिशवी आहे.

तापमानाचा परिणाम लोक विसरतात. यंत्र २० अंश गृहीत धरून हिशेब करत असेल, तर शून्य अंशाला खरे १५० सेंटिमीटर १५५ दिसतात आणि ४० अंशाला १४५. युरोपात जानेवारीची आणि जुलैची मोजणी शेजारी ठेवून 'रस्ता सुधारला' म्हणायचं असेल, तर आधी हा फरक काढून टाकायला हवा. नागपूरच्या मे महिन्यात तर दर ओव्हरटेकला पाच सेंटिमीटरची खोट येईल.

ट्रक आणि बसच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. सेन्सर साधारण ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर असतो; ट्रकचा आरसा त्याच्या कितीतरी वर. सेन्सरला गाडीची बाजू दिसते, आरसा दिसत नाही. म्हणजे आरशाचं खरं अंतर नोंदीपेक्षा वीसेक सेंटिमीटर कमी असू शकतं. ही चूक चालकाच्या बाजूने जाते, म्हणून अहवालात ती न लपवता लिहावी. युक्तिवाद बळकटच होतो.

जीपीएस मोकळ्या जागेत पाच-दहा मीटर हलतं, उंच इमारतींच्या गल्लीत त्याहून जास्त. म्हणून 'या झाडापाशी धोका' असं ठिपक्यावर बोट ठेवून बोलू नये. ओपनबाइकसेन्सरचं पोर्टल प्रत्येक ओव्हरटेक ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरच्या रस्त्याच्या तुकड्याला जोडतं आणि अंतरं त्या तुकड्याची, त्या दिशेची म्हणून दाखवतं. तीच बरोबर पद्धत. समांतर जाणारा सर्व्हिस रोड असेल तर मात्र यंत्रावर विसंबू नये. नोंद चुकीच्या रस्त्याला चिकटते आणि ती हाताने तपासावी लागते.

पण या सगळ्यांपेक्षा मोठा बिघाड बटण दाबणाऱ्या अंगठ्यात असतो. गाडी खेटून गेली की माणूस चिडून बटण दाबतो. दोन मीटरवरून गेली की दाबायचं राहून जातं. मग ५० टक्क्यांचे ८० टक्के होतात. याची परीक्षा सोपी आहे. एकाच तुकड्यावर एकाच दिशेने फिरलेल्या सगळ्या सायकलस्वारांचं दीड मीटरच्या आतलं प्रमाण शेजारीशेजारी मांडायचं. चौघांचं ४५ ते ५५ आणि एकाचं ८५ असेल, तर त्या एकाच्या कच्च्या फाइलमध्ये अंतराचे आकडे ओव्हरटेकसारखे एकदम घटून पुन्हा वाढलेत पण बटण दाबलेलं नाही, अशा जागा शोधायच्या. सापडतातच. अशा माणसाला हाकलू नये. प्रत्येक गाडीला दाबायचं, हे पुन्हा समजावावं आणि त्याचा आधीचा भाग गणनेतून काढावा.

एकट्या माणसाच्या मोजणीची मर्यादा फार आधीच दिसली होती. बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी स्वतः सायकल चालवून ब्रिटनमधले अडीच हजारांच्या आसपास ओव्हरटेक मोजले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: हेल्मेट घातल्यावर गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून जातात. त्यावर वाद झाला, इतरांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून उलट मत मांडलं. हेल्मेटचा वाद बाजूला ठेवला तरी एक माणूस, एक सायकल आणि त्याची चालवण्याची एकच रेघ यांवर अख्ख्या शहराचा निष्कर्ष उभा करणं अवघडच.

ठिपक्यांपासून तुकड्यापर्यंत

मोजणीचं एकक म्हणून एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा, मध्ये रुंदी आणि पार्किंग न बदलणारा तुकडा घ्यावा. लांबी साधारण २०० ते ४०० मीटर. मध्येच पार्किंग सुरू होत असेल तर तिथून दुसरा तुकडा. दोन दिशा म्हणजे दोन वेगळे तुकडे. चढाच्या आणि उताराच्या बाजूची अंतरं कधी सारखी नसतात, कारण चढावर सायकल हळू असते आणि गाड्यांना घाई.

किती ओव्हरटेक पुरेत? तीस ओव्हरटेकांत अर्धे दीड मीटरच्या आत निघाले, तर खरा आकडा ३२ ते ६८ टक्क्यांत कुठेही असू शकतो. शंभर झाले की फरक दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांवर येतो, चारशे झाले की पाचवर. हेही प्रत्येक ओव्हरटेक स्वतंत्र आहे असं धरून. एकाच माणसाचे शंभर म्हणजे खरोखरचे शंभर नव्हेत. म्हणून दर दिशेला किमान शंभर ओव्हरटेक आणि किमान पाच-सहा वेगवेगळे सायकलस्वार, हा आमचा उंबरठा. बर्लिनच्या आकड्यांवरून किलोमीटरमागे सरासरी सव्वा ओव्हरटेक निघतो. गजबजलेल्या ४०० मीटरच्या तुकड्यावर एका फेरीत दोन मिळतात असं धरलं, तर शंभरासाठी पन्नास फेऱ्या लागतील. सहा जण रोज त्याच वाटेने कामावर जाणारे असले तर दोन आठवड्यांत काम होतं. दोनच माणसं असली तर महिना जातो आणि तरीही आकडा कच्चाच राहतो.

गणनेआधी ताशी पाच किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या नोंदी काढाव्यात. त्या बहुतेक रांगेतल्या असतात. चौकाच्या तोंडाजवळच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. गर्दीची वेळ आणि मोकळी वेळ वेगळी मांडावी. सकाळी नऊला वाहतूक तुंबलेली असते तेव्हा ओव्हरटेक कमी आणि संथ होतात. रात्री नऊला त्याच रस्त्यावर कमी गाड्या असतात, पण प्रत्येक जण सुसाट. दोन्ही मिसळून काढलेला आकडा कोणत्याच वेळेचा नसतो.

सरासरी अंतर सांगण्याचा मोह टाळावा. ६० आणि २४० यांची सरासरी १५० येते आणि ६० वाला सायकलस्वार त्यात गडप होतो. दर तुकड्याला चारच आकडे द्यावेत: एकूण ओव्हरटेक, मध्यक अंतर (निम्मे ओव्हरटेक ज्याच्या आत आणि निम्मे बाहेर), दीड मीटरच्या आतलं प्रमाण आणि एका मीटरच्या आतलं प्रमाण. सोबत किती सायकलस्वारांनी मोजलं तेही. नकाशावर लाल-हिरवा रंग भरायचा असेल तर पन्नासपेक्षा कमी नोंदींचा तुकडा राखाडीच ठेवावा.

कच्चा डेटा सर्वांना खुला करण्याआधी प्रत्येक प्रवासाची पहिली आणि शेवटची काही शे मीटर कापणं भागच आहे. रोज सकाळी ८.४० ला एकाच फाटकातून निघणारी रेघ म्हणजे कुणाचा तरी पत्ता. ओपनबाइकसेन्सरमध्ये घराभोवती असं वर्तुळ आखून आतली नोंद वगळता येते. नाव काढून टाकलं म्हणजे झालं, हा समज इथे चालत नाही.

अर्ज कसा उभा राहतो

हे सेन्सर सरकारी प्रमाणित मापं नाहीत. त्यामुळे त्यावरून एखाद्या चालकाला दंड होत नाही आणि तो हेतूही नाही. यंत्रात कॅमेरा नाही, नंबर प्लेट नोंदली जात नाही. यामुळे एक फायदा होतो: चर्चा आपोआप माणसावरून रस्त्यावर येते.

जर्मनीत रस्त्यावर नवं बंधन घालायचं असेल तर बहुतेक वेळा प्रशासनाला नियमावलीच्या ४५ व्या कलमानुसार तिथे नेहमीपेक्षा खास धोका आहे, हे दाखवावं लागतं. अपघात झालेला नसेल तर हा खास धोका दाखवायचा कशाने? नेमकी इथे मोजणी उपयोगी पडते. मागणी 'काहीतरी करा' अशी असून चालत नाही. ती एका साधनावर बोट ठेवणारी हवी. २०२० च्या दुरुस्तीत २७७.१ क्रमांकाचा फलक आला: या पट्ट्यात मोटारींनी सायकल आणि मोटारसायकलला ओव्हरटेक करायचंच नाही. अरुंद पूल, ट्रामरुळांचा रस्ता, चढावरचा एकमार्गिकेचा भाग, अशा ठिकाणी वर केलेली ४.८ मीटरची बेरीज आणि शंभर नोंदी एकत्र ठेवल्या की फलकाची मागणी टाळणं कठीण होतं. बेरीज सांगते की कायदेशीर ओव्हरटेक शक्य नाही. नोंदी सांगतात की तरीही तो होतोय. यातला एकच कागद नेला तर उत्तर ठरलेलं असतं: नुसती बेरीज नेली तर 'चालक थांबत असतील', नुसत्या नोंदी नेल्या तर 'चालक बेशिस्त आहेत, पोलिसांना सांगा'.

रुंदी असूनही अंतर कमी निघत असेल तर उपाय वेगळा. पट्टा लावलेल्या गाड्यांना चिकटून असेल तर एका बाजूचं पार्किंग काढणं हा खरा इलाज. ताशी ३० ची मर्यादा हा त्याखालचा. रुंद रस्त्यावर खांब किंवा कठडा लावून पट्टा वेगळा करता येतो. ब्रिटनमध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ पासून साध्या वेशातले पोलीस सायकलवर पाठवून खेटून जाणाऱ्या चालकांना थांबवायला सुरुवात केली. तसा बंदोबस्त कुठे लावायचा हे ठरवायला मोजणी चांगली. मात्र ज्या तुकड्यावर जागाच नाही तिथे पोलीस उभे करणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखं.

बदल झाल्यावर तीच माणसं, तीच यंत्रं, तोच महिना धरून पुन्हा मोजावं. शिवाय जवळचा, बदल न झालेला एक तुकडा तुलनेसाठी दोन्ही वेळा मोजलेला हवा. नाहीतर शाळांच्या सुट्टीमुळे कमी झालेली वाहतूक फलकाच्या नावावर जमा होते. फलक लागल्यावर एक गमतीशीर गोष्ट घडू शकते: ओव्हरटेकांची संख्या घटते, पण उरलेल्यांत जवळून जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, कारण समंजस चालक थांबू लागले आणि मोजणीत उरले ते न थांबणारे. म्हणून यश प्रमाणावरून न ठरवता दर शंभर फेऱ्यांमागे किती धोकादायक ओव्हरटेक, यावरून ठरवावं.

जे या नकाशात दिसत नाही

खेटून जाणाऱ्या गाडीची भीती सर्वांत जास्त, पण शहरातले मोटार आणि सायकल यांच्यातले अपघात मुख्यतः चौकात, वळणाऱ्या आणि आडव्या येणाऱ्या गाड्यांमुळे होतात. सीटखालचा सेन्सर त्याबद्दल मुका आहे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाने २०१९ मध्ये सुरू केलेलं 'सिमरा' हे अ‍ॅप ही उणीव भरतं. मोबाइलचं जीपीएस आणि आतला हालचाल-सेन्सर वापरून ते अचानक ब्रेक किंवा झटका लागल्याची ठिकाणं सुचवतं. प्रवास संपल्यावर सायकलस्वार त्यातली खरी कोणती ते सांगतो आणि प्रकार निवडतो: वळणारी गाडी आडवी आली, दार उघडलं, मागून चिकटून चालली, वगैरे. खड्ड्याचा धक्का आणि मोटारीमुळे मारलेला ब्रेक यातला फरक यंत्राला नीट कळत नाही, म्हणून माणसाचं उत्तर इथेही लागतंच. अंतराचा नकाशा, सिमराचा नकाशा आणि जर्मन सांख्यिकी खात्याचा जखमी झालेल्या अपघातांचा खुला नकाशा हे तिन्ही एकमेकांवर ठेवले, तर कोणता चौक आणि कोणता सरळ तुकडा आधी घ्यायचा ते ठरवता येतं.

आणि राखाडी रस्ते. जिथे भीतीने कुणी सायकल नेतच नाही, तिथे एकही वाईट नोंद नसते. शहरातला सर्वांत भयंकर उड्डाणपूल नकाशावर सर्वांत स्वच्छ दिसतो. शाळकरी मुली, भाजीवाले, रात्रपाळीचे कामगार ज्या वाटांनी जातात, तिथे यंत्रं मुद्दाम द्यावी लागतात. हौशी सायकलस्वारांच्या वाटा त्यांच्या वाटा नसतात.

महाराष्ट्रात हे आणायचं तर

आपल्याकडे रस्ते सुरक्षेचं गाडं अजून अपघातांच्या नोंदींवर चालतं. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात सलग तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, की तो 'ब्लॅक स्पॉट'. आयरॅड ही अपघात नोंदप्रणाली, जिच्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, तीही घडलेला अपघातच टिपते. माणसं मेल्यावरच जागा यादीत येते. सायकलवरची मोजणी त्याआधीचं काही सांगू शकते, पण यंत्र जसंच्या तसं उचलून चालणार नाही.

वाहतूक डावीकडून, म्हणून मुख्य सेन्सर उजवा. ओव्हरटेक मात्र दोन्हीकडून होतात, त्यामुळे डावा सेन्सरही चालूच हवा. दुचाकी साधारण दोन मीटर लांब. ताशी २० किलोमीटरच्या फरकाने ती सेन्सरसमोर जेमतेम ०.३६ सेकंद राहते. सेकंदाला वीस मापांनी सात नोंदी मिळतात, त्या पुरतात. पण दहाच मापं घेणारं स्वस्त यंत्र तीन-चारवर येतं आणि खरं किमान अंतर हुकतं. बटण एकच असून भागत नाही: दुचाकी, रिक्षा-मोटार आणि बस-ट्रक अशी तीन बटणं हवीत, कारण ७० सेंटिमीटरवरून गेलेली स्कूटर आणि ७० सेंटिमीटरवरून गेलेली एसटी एकाच रकान्यात टाकता येत नाहीत.

पुण्या-नाशकातल्या संध्याकाळच्या रस्त्यावर तर वाहनं एकामागोमाग इतकी लागून जातात, की प्रत्येकाला बटण दाबणं अशक्य आणि धोक्याचंही. हात ब्रेकवर हवेत. तिथे एकेक ओव्हरटेक मोजणं सोडून द्यावं. वेग ताशी पाचच्या वर असताना उजवीकडचं अंतर किती सेकंद एका मीटरच्या आत होतं, ते दर शंभर मीटरला मांडावं. उजवीकडे दुभाजक वा कठडा असलेला भाग आधीच नकाशावर खूण करून वगळावा, नाहीतर सिमेंटचा दुभाजकच सर्वांत बेशिस्त चालक ठरेल. पावसाळ्यात सेन्सरच्या जाळीवर चिखल बसतो आणि आकडे गोठतात. रोज ओल्या फडक्याने पुसायचं काम यादीत असावं.

फाइल न्यायची ती रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे: महापालिकेचा पथ विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरण. आधी हे नीट शोधावं, कारण एकाच रस्त्याचे दोन किलोमीटर दोन खात्यांत विभागलेले असतात. प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि वाहतूक पोलिसांना. सोबत दर पन्नास मीटरला टेपने मोजलेली रुंदी: डांबराची, मातीच्या कडेची, पार्किंगने खाल्लेली. सेन्सरच्या आकड्यावर शंका घेणारा अभियंतासुद्धा टेपच्या मापावर वाद घालत नाही, आणि ते त्याच्या नकाशाशी जुळलं नाही तर तो स्वतः जागेवर पाहायला येतो.